माजघरांतून : थोरांचीं खेळणीं

गेल्या मार्गशीर्षांत चार-सहा दिवसांसाठीं मी पुण्यास धाकट्या बहिणीकडे गेलों होतों. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, चौतीस वर्षांचा आहे. सहा वर्षें अमेरिकेंत बाल्टिमोर शहरीं नोकरी करून तो परत आला आणि तेव्हांपासून त्याच्या विवाहाची खटपट चालू आहे. मी तेथें असतांनाच एका स्थळाकडील मंडळी घर पाहावयास आली. मुलीचे वडील, मामा आणि मावशी अशीं तीन माणसें होतीं. पोहे झाले, कॉफी झाली, कोण कोणाचे नातलग हेंही बोलून झालें. मग घर दाखवितां दाखवितां सारीं भाच्याच्या खोलींत गेलीं. तेथें पुस्तकांच्या कपाटांत, ज्ञानेश्वरीच्या शेजारींच, वीतभर उंचीचे सहा घोडे ओळीनें उभे होते. एक जांभळा, एक नारिंगी, एक निळा, एक पांढरा, एक पिवळा आणि एक गुलाबी. प्रत्येकास लांब रंगीत आयाळ आणि बशीएवढे टपोरे डोळे.

मुलीच्या मामांनीं हंसत विचारलें, “हीं घरांतल्या लहान मुलांचीं वाटतें?”

“नाहीं, माझीं आहेत,” भाचा म्हणाला.

मंडळींनीं एकमेकांकडे पाहिलें, खिडकींतून दिसणाऱ्या टेकडीची स्तुति केली आणि निरोप घेतला. चौथ्या दिवशीं कळविण्यांत आलें कीं पत्रिका जमत नाहीं. पत्रिका पाहण्याचें काम तर त्यांच्याच गुरुजींनीं महिनाभर आधीं उरकलें होतें.

बहीण त्या रात्रीं जेवली नाहीं. मला म्हणाली, “दादा, तूं जन्मभर मास्तरकी केलीस. आतां चार शब्द माझ्या मुलाला सांग. पुढचें स्थळ यायच्या आधीं ते घोडे माळ्यावर गेले पाहिजेत.”

मलाही तिचें म्हणणें पटलें होतें, हें येथें कबूल केलें पाहिजे. मी भाच्याच्या खोलींत गेलों तो शब्द जुळवूनच गेलों होतों. त्यानें तें सारें शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हणाला, “मामा, तुम्ही न वाचतां कोणत्याही पुस्तकावर अभिप्राय देत नाहीं. मग याच्यावर न पाहतां कसा देतां?” हा टोला वर्मीं बसला. पुढले तीन आठवडे मीं या विषयावर जें मिळेल तें वाचलें, त्या घोड्यांच्या मालिकेचे कांहीं भागही पाहिले, आणि त्यांतून जें हातीं लागलें तें या महिन्यांत वाचकांपुढें ठेवीत आहें.

गोष्ट आधीं आणि बाहुली मागाहून, हा आपल्या परिचयाचा क्रम. अमेरिकेंत तो उलटला. १९६९ सालीं तेथील ए. बी. सी. वाहिनीवर ‘हॉट व्हील्स’ नांवाची मोटारींच्या शर्यतींची कार्टून-मालिका सुरू झाली. त्याच नांवाच्या चिमुकल्या मोटारी मॅटेल ही कंपनी विकीत होती. एका प्रतिस्पर्धी खेळणेवाल्यानें सरकारच्या दळणवळण आयोगाकडे तक्रार केली कीं, ही अर्ध्या तासाची जाहिरातच आहे. आयोगानें ती ऐकून घेऊन मालिकेचा कांहीं वेळ जाहिरातीच्या हिशेबांत धरावयास लावला. परंतु पुढें वारें फिरलें. १९८४ सालीं त्याच आयोगानें मुलांच्या कार्यक्रमांतील जाहिरातींसंबंधींचे आपले दंडक काढून घेतले. ‘ही-मॅन’ची मालिका १९८३ च्या सप्टेंबरांतच सुरू झाली होती, आणि तिच्यांतील वीरांचीं बाहुलीं मॅटेलनें आदल्या वर्षीं बाजारांत आणलीं होतीं. १९८४ सालीं ‘ट्रान्सफॉर्मर्स’ आले. मोटारीचा यंत्रमानव होणारीं तीं खेळणीं मुळांत जपानच्या ताकारा कंपनीचीं. हॅस्ब्रो या अमेरिकन कंपनीनें त्यांचे हक्क घेतले, आणि त्यांना नांवें व स्वभाव देण्याचें काम मार्व्हल या चित्रकथांच्या कंपनीकडे सोपविलें. म्हणजे देह आधीं दुकानांत आला आणि आत्मा मागाहून कागदावर लिहिला गेला.

याचा परिणाम काय झाला याचें एक उदाहरण सांगतों. १९८६ च्या ऑगस्टांत या यंत्रमानवांवर एक चित्रपट निघाला. जुनीं खेळणीं बाजारांतून काढावयाचीं आणि नवीं आणावयाचीं होतीं; तेव्हां गोष्टींतील जुन्या मंडळींना मारून टाकलें म्हणजे काम सोपें, असा व्यापाऱ्यांचा हिशेब. त्याप्रमाणें ‘ऑप्टिमस प्राइम’ नांवाचा त्यांचा पुढारी पडद्यावर मेला. चित्रपटगृहांत बसलेलीं मुलें ओक्साबोक्शीं रडलीं आणि पालकांचीं रागाचीं पत्रें कंपनीकडे गेलीं. त्याच वेळीं तयार होत असलेल्या ‘जी. आय. जो’च्या चित्रपटांत एका नायकाचा असाच मृत्यु योजला होता, तो घाईघाईनें बदलून त्यास नुसती मूर्च्छा आणण्यांत आली. आणि १९८७ सालीं ऑप्टिमस प्राइमलाही जिवंत करावें लागलें. ज्यांनीं तें पात्र विक्रीसाठीं निर्माण केलें त्यांना तो माल वाटत होता, आणि ज्यांनीं तें विकत घेतलें त्यांना तो आप्त वाटत होता. त्या दिवशीं रडलेलीं मुलें आज पन्नाशीच्या आसपास आहेत, आणि त्यांतील कित्येकांच्या कपाटांत तो पुढारी अजून उभा आहे.

या व्यापारास विरोध झाला नाहीं असें मात्र नव्हे. मॅसॅच्युसेट्समधील पेगी चॅरेन या बाईंनीं १९६८ सालीं इतर मातांना हाताशीं धरून मुलांच्या कार्यक्रमांच्या सुधारणेसाठीं एक संस्था काढली आणि वीस वर्षांहून अधिक काळ हा लढा चालविला. १९९० सालीं अमेरिकेच्या काँग्रेसनें कायदा करून मुलांच्या कार्यक्रमांतील जाहिराती तासाला शनिवार-रविवारीं साडेदहा मिनिटांवर आणि इतर दिवशीं बारा मिनिटांवर आणल्या, त्यांत या मातांच्या चिकाटीचा वांटा मोठा आहे. आमच्या वाचकभगिनींनीं हें नांव लक्षांत ठेवावें.

आतां घोड्यांकडे वळूं. ‘माय लिटल पोनी’ हीं खेळणीं हॅस्ब्रोनें १९८३ च्या सुमारास मुलींसाठीं काढलीं. विंचरावयास लांब केंस, अंगावर फुलें-फुलपांखरें, आणि गोष्टी बहुधा मिळमिळीत. लॉरेन फॉस्ट नांवाची एक मुलगी लहानपणीं या घोड्यांशीं खेळत असे, आणि दुकानानें दिलेल्या स्वभावांऐवजीं आपल्या मनचे स्वभाव त्यांना देत असे. पुढें ती कार्टून-चित्रांच्या धंद्यांत नांवाजली, आणि हॅस्ब्रोनें जेव्हां तिला या घोड्यांवर नवी मालिका रचावयास सांगितलें, तेव्हां बालपणींचे तेच स्वभाव तिनें कागदावर उतरविले. १० ऑक्टोबर २०१० रोजीं ती मालिका सुरू झाली. तिच्यांत सहा मैत्रिणी आहेत. एक पुस्तकी विद्वान, एक शेतकरीण, एक बढाईखोर पण जिवाला जीव देणारी, एक शिंपीण, एक कमालीची भित्री आणि एक सदा हंसतमुख. पहिली विद्वान असूनही एकलकोंडी आहे. गांवांत राहून मैत्री म्हणजे काय तें शीक, अशी तिला तिच्या गुरूची आज्ञा असते, आणि आरंभींच्या बहुतेक भागांच्या शेवटीं ती गुरूस पत्र लिहून आपण काय शिकलों तें कळविते. गुरुकुलाचीच पद्धत म्हणाना!

कंपनीची अपेक्षा अशी कीं सहा-सात वर्षांच्या मुली ही मालिका पाहतील. त्यांनीं ती पाहिलीच. पण त्यांच्यामागें एक अनपेक्षित प्रेक्षकवर्ग येऊन बसला. विशी-पंचविशींतले पुरुष! कोणी विद्यार्थी, कोणी सैनिक, कोणी संगणकावर काम करणारे. इंटरनेटवर प्रथम हे लोक चेष्टेनें जमले आणि मग चेष्टा मागें पडून खरोखरीच रमले. भाऊ आणि घोडा या अर्थाचे दोन इंग्रजी शब्द जोडून त्यांनीं स्वतःस ‘ब्रोनी’ असें नांव घेतलें. २०११ सालीं न्यूयॉर्कमध्यें त्यांचें पहिलें संमेलन भरलें, त्यास सुमारें शंभर माणसें होतीं. २०१९ च्या ऑगस्टांत बाल्टिमोर येथें शेवटचें भरलें, त्यास दहा हजारांहून अधिक आलीं. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत नऊ पर्वांनंतर मालिकाही संपली.

भाचा त्या शेवटच्या संमेलनास गेला होता. तो सांगतो, “मामा, दोन वर्षें मी त्या शहरांत राहात होतों. कचेरींतून घर आणि घरांतून कचेरी. शनिवार-रविवारीं तोंडांतून शब्द निघत नसे. त्या संमेलनांत मला पांच मित्र मिळाले. पुढल्याच वर्षीं महामारी आली. मी एकटा एका खोलींत चौदा महिने काढले. त्या पांचांपैकीं कोणी ना कोणी रोज रात्रीं फोन करून, जेवलास का, म्हणून विचारीत असे. आईला मीं हें तेव्हां सांगितलें नाहीं, ती घाबरली असती.”

हें ऐकल्यावर मीं जुळवून आणलेले शब्द माझ्या घशांतच राहिले.

तथापि मास्तराचा पेशा असा कीं दुसरी बाजू तपासल्यावांचून गुण देववत नाहींत. ती बाजू सांगितलीच पाहिजे. पहिली गोष्ट, या चाहत्यांपैकीं कांहींनीं लहान मुलींच्या या पात्रांचीं अश्लील चित्रें काढून इंटरनेटवर पसरविलीं. जेथें सहा वर्षांची मुलगी आपल्या आवडीच्या घोड्याचें चित्र शोधावयास जाते तेथें तिला असें कांहीं दिसावें, यापेक्षां मोठा अपराध नाहीं. बऱ्याच चाहत्यांनीं त्याचा निषेध केला. पण पालकांचा संशय अकारण होता असें म्हणतां येणार नाहीं. मुलांच्या अंगणांत मोठ्यांनीं पाऊल टाकावयाचें तर अंगणाचे नियम मुलांच्याच सोयीचे असले पाहिजेत.

दुसरी गोष्ट पैशाची. मालिका कितीही चांगली असो, तिच्या मागें दुकान उभें आहे तें हलत नाहीं. मालिकेंतील राजकन्या सेलेस्टिया शुभ्र पांढरी. पण दुकानांत तिचें खेळणें प्रथम गुलाबी रंगाचें निघालें. २०१३ च्या फेब्रुवारींत आमच्या विद्वान नायिकेस एकाएकीं पंख फुटले आणि ती राजकन्या झाली. हें तिच्या विद्येचें फळ, कीं नवीं पंखवालीं खेळणीं खपविण्याची युक्ति, यावर चाहत्यांत महिनोन् महिने वाद झाला. एकदां तर याहून नाजूक प्रसंग आला. मालिकेच्या पार्श्वभागीं एक राखाडी घोडी होती, तिचे डोळे चुकून तिरळे काढले गेले. चाहत्यांनीं तिला उचलून धरलें, एक विनोदी नांव दिलें, आणि २०१२ च्या जानेवारींत निर्मात्यांनीं कौतुकानें तें नांव मालिकेंतच आणलें. लगेच कांहीं पालकांनीं सांगितलें कीं, आमच्या अपंग मुलांची ही थट्टा आहे. मग तें नांव गाळलें, आवाज बदलला. तेव्हां चाहते रुसले. दोन्ही पक्षांचें प्रेम खरें होतें. फरक एवढाच कीं, एका पक्षाचा छंद दुखावला होता आणि दुसऱ्याचें मूल. अशा वेळीं कोणीं माघार घ्यावी हें सांगावयास शास्त्रार्थ लागत नाहीं.

हें सारें दूरदेशचें म्हणून वाचक पान उलटतील, तर त्यांना एक जवळची गोष्ट सांगतों. एम. आर. एफ. आणि हॅस्ब्रो यांनीं मिळून १९८७ सालीं फनस्कूल ही कंपनी काढली. तिचा एक कारखाना आपल्या गोव्यांत आहे. या कंपनीनें हिंदुस्थानांतील मुलांसाठीं ‘जी. आय. जो’चे सैनिक तयार केले. आपल्या मुलांनीं ते खेळून, मोडून, पावसांत भिजवून टाकून दिले. पुढें अमेरिकेंतील प्रौढ संग्राहकांना या हिंदी सैनिकांचा शोध लागला. त्यांचे रंग मूळच्यांहून निराळे, म्हणून ते त्यांना हवेसे झाले, आणि सातासमुद्रापलीकडे त्यांची मागणी सुरू झाली. व्यापाऱ्यांनींही ही नाडी ओळखली आहे. लेगो कंपनी २०२० सालापासून आपल्या कांहीं पेट्यांवर अठरा वर्षांवरील माणसांसाठीं असें स्पष्ट छापते. मुलांस जें खेळणें मिळालें नाहीं तें मोठेपणीं स्वतःच्या पगारांतून घेतां येतें. आणि ही हौस भागविणारा दुकानदार तिला तळ लागूं देत नाहीं, हेंही तितकेंच खरें. भाच्यानें मला आपला हिशेब दाखविला. सहा घोडे घेतल्यावर त्यानें सातवा घेतला नाहीं. सातवा कधीं घ्यावयाचा नाहीं हें ज्याला ठरवितां येतें, त्याच्या छंदाची मला भीति वाटत नाहीं.

खेळण्यांतला मोह आपल्या वाङ्मयाला नवा नाहीं. मृच्छकटिकांतील चारुदत्ताचा रोहसेन आठवा. शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी त्यानें पाहिली. घरीं रदनिकेनें केलेली मातीची गाडी मिळाली, आणि पोर रडूं लागलें. वसंतसेनेनें आपले अलंकार त्या मातीच्या गाडींत भरले, आणि पुढचें सारें नाटक त्यावर उलटलें. दोन हजार वर्षांच्या परंपरेंतील एका थोर नाटकाचें नांवच मुळीं खेळण्यावरून पडलें आहे. विलायतेंत एच. जी. वेल्ससारख्या जगप्रसिद्ध लेखकानें १९१३ सालीं शिशाच्या सैनिकांच्या लढाया जमिनीवर कशा खेळाव्या यावर स्वतंत्र पुस्तक लिहिलें. त्यास कोणी मुलगी नाकारली नाहीं.

येथें मला एका अवघड प्रश्नापाशीं थांबावें लागलें. भाच्याच्या कपाटांत सहा घोड्यांऐवजीं सहा रणगाडे असते, जुन्या मोटारींच्या प्रतिकृति असत्या, तर मुलीच्या मामांनीं काय म्हटलें असतें? “वा! छंद चांगला आहे,” असेंच म्हटलें असतें, आणि मीही म्हटलें असतें. म्हणजे खेळणें हा मुख्य दोष नव्हता. तें मुलींचें खेळणें होतें, आणि त्यांतील गोष्टी दया, प्रामाणिकपणा, औदार्य अशा विषयांवर होत्या, हा दोष होता. चौतीस वर्षांच्या पुरुषानें तोफ जपावी आणि मैत्रीची गोष्ट जपूं नये, हा न्याय मीं स्वतः कोणत्या पुस्तकांतून शिकलों तें मला आठवेना. मीं भिऊन तो तसाच पुढें दिला असतां, एवढेंच.

मग छंदाची पारख कशी करावी? मला तीन प्रश्न सुचले. या छंदापायीं कर्तव्य चुकतें का? संसाराच्या पैशाला तो हात घालतो का? आणि त्यानें माणूस माणसांच्या जवळ जातो कीं दूर? पहिल्या दोहोंचीं उत्तरें भाच्याच्या बाबतींत समाधानकारक होतीं. तिसऱ्याचें उत्तर त्या चौदा महिन्यांनीं दिलें होतें. हेच तीन प्रश्न वाचकांनीं भिशी, क्रिकेट, भजनी मंडळ आणि मोबाइल यांनाही लावून पाहावे. कांहीं उत्तरें गैरसोयीचीं येतील.

निघावयाच्या आदल्या रात्रीं मीं बहिणीला सांगितलें, “घोडे माळ्यावर टाकूं नकोस. उलट पुढच्या स्थळाला पहिल्याच पत्रांत कळव कीं मुलाला असा असा छंद आहे.”

“म्हणजे तें स्थळ दारापर्यंतही यायचें नाहीं,” ती म्हणाली.

“जें येणार नाहीं तें आलेलें काय कामाचें? आज घोडे लपवून सून आणशील. वर्षभरानें ती माळा झाडील आणि विचारील, हे कोणाचे? त्या दिवशीं तिला प्रश्न घोड्यांचा पडणार नाहीं. आणखी काय काय लपविलें आहे, असा पडेल.”

ती बराच वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, “दादा, तो तिथें चौदा महिने एकटा होता, हें मला तुझ्याकडून कळावें?” आणि पदरानें डोळे पुसून आंत गेली. थोड्या वेळानें भाच्याच्या खोलींतून तिचा आवाज ऐकूं आला. ती त्याला विचारीत होती, “यांतली ती भित्री कोणती रे?”

पत्र अजून गेलेलें नाहीं. मसुदा मात्र माझ्याकडे तपासावयास आला आहे, आणि त्यांत घोड्यांचें वाक्य आहे. तें तिनें एकदां खोडून पुन्हां लिहिलेलें दिसतें.

जातां जातां स्वतःविषयीं एक वाक्य. आमच्या घरीं आतां लहान मूल कोणी नाहीं. तरीही दर दिवाळींत अंगणाच्या कोपऱ्यांत किल्ला होतो, अळीव पेरलें जातें, आणि मातीचे मावळे ट्रंकेंतून निघून बुरुजावर चढतात. ते कोण चढवितें, हें घरच्या मंडळींनीं मला आजवर कधीं विचारलें नाहीं, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहें.